तापवणे आणि तापलेले राखणे : अंगणातील हॉट टबच्या वीजखर्चावर एक संवाद

कॅलिफोर्नियातील अनेक घरांच्या मागील अंगणात चार-सहा माणसांना गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसता येईल असा ॲक्रिलिकचा झाकणबंद हौद असतो. त्याला हॉट टब म्हणतात. त्याच्या बाहेरील आवरणाआड पाणी फिरवणारे पंप, गाळणी आणि विजेचा हीटर असतो, आणि थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेले तापमान आपोआप राखणारे उपकरण, पाणी ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास रात्रंदिवस ठेवते. न्हाणीघरातल्या टबाप्रमाणे हे पाणी रोज सोडून दिले जात नाही. गाळून आणि जंतुनाशक घालून तेच पाणी तीन-चार महिने वापरले जाते. सॅन होजे, सनीव्हेल, फ्रीमाँट या परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी काहींनी हा टब हौसेने घेतलेला असतो, तर काहींना तो जुन्या घराबरोबर मिळालेला असतो, आणि कॅलिफोर्नियातील वीज अमेरिकेतल्या महागड्या विजेत मोडत असल्यामुळे त्याच्या बिलाचा प्रश्न दोघांनाही सारखाच भेडसावतो.

या प्रश्नाची दोन उत्तरे दिली जातात आणि ती एकमेकांच्या विरुद्ध जातात. एक मत असे की पाणी गरजेपुरतेच तापवावे आणि एरवी वीज बंद ठेवावी. दुसरे मत असे की खर्च तापवण्यात नसून निसटणाऱ्या उष्णतेत आहे, म्हणून बटणाशी खेळण्यापेक्षा निसटण्याची वाट बंद करावी. शास्त्रग्रंथांच्या रीतीने पहिल्या मताला येथे पूर्वपक्ष आणि दुसऱ्याला उत्तरपक्ष म्हटले आहे. मात्र पूर्वपक्ष केवळ खोडून काढण्यासाठी मांडलेला नाही, कारण त्याच्या म्हणण्यातला काही भाग शेवटपर्यंत टिकतो. हिशेबासाठी १,५०० लिटरचा, म्हणजे सुमारे ४०० अमेरिकन गॅलनचा टब, ५.५ किलोवॉटचा हीटर, सॅन होजेच्या हिवाळ्यातील १० अंशांची सरासरी हवा आणि ४० सेंटला एक युनिट असा दर गृहीत धरला आहे.

पूर्वपक्ष : माणूस टबात बसतो दिवसातून अर्धा तास, आणि पाणी तापलेले राहते चोवीस तास. आपल्याकडे बंब पेटवला जात असे तो आंघोळीच्या वेळी, आणि शेवटचा माणूस न्हाऊन निघाला की लाकडे मागे ओढली जात. कोणी नसताना पाणी उकळत ठेवणे हे घरातल्या कोणालाही उधळपट्टीच वाटले असते. मग तोच विवेक येथे का लावू नये, आणि टब वापरण्यापूर्वी दोन तास सुरू करून नंतर बंद का करू नये, हे आपण सांगावे.

उत्तरपक्ष : बंबातले पाणी वापरून संपते, टबातले संपत नाही, आणि सगळा फरक तेथूनच सुरू होतो. एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवण्यास सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते, हिला पाण्याची विशिष्ट उष्माधारकता म्हणतात. त्या हिशेबाने १,५०० लिटर पाणी एका अंशाने तापवण्यास सुमारे पावणेदोन युनिटे लागतात, आणि १० अंशांवरून ३९ अंशांवर नेण्यास ५० युनिटे, म्हणजे २० डॉलर. त्यासाठी हीटरला दोन नव्हे तर नऊ तासांहून अधिक वेळ चालावे लागेल. परंतु एकदा तापलेले हे पाणी झाकणाखाली ठेवले तर दिवसभरात त्यातून जाते ती उष्णता जेमतेम सव्वासात युनिटांची असते. पन्नास युनिटांचा साठा हाताशी असताना आणि त्यातून रोज सातच गळत असताना, साठा रिकामा करून पुन्हा भरण्याची भाषा कशासाठी?

सव्वासात हा आकडा कोठून आला ते सांगणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर उभे आहे. कॅलिफोर्निया राज्याने २००६ पासून सुट्या विद्युत टबांच्या ‘प्रतीक्षाशक्ती’वर, म्हणजे झाकण लावून नुसता तापलेला ठेवण्यासाठी लागणाऱ्या शक्तीवर, कायद्याने मर्यादा घातली, आणि १ जून २०१९ पासून ती अधिक कडक केली. नव्या सूत्रानुसार टबाच्या गॅलनमधील आकारमानाचा दोन-तृतीयांश घात घेऊन त्याला ३.७५ ने गुणायचे आणि त्यात ४० मिळवायचे. येणारी संख्या ही वॉटमधील कमाल मर्यादा असते. दोन-तृतीयांश घात घेण्याचे कारण सुंदर आहे: कोणत्याही भांड्याचे पृष्ठफळ त्याच्या आकारमानाच्या याच घाताने वाढते, आणि उष्णता पृष्ठभागातूनच निसटते, हे भौतिकीतले सत्य कायद्याच्या सूत्रातच गुंफलेले आहे. ४०० गॅलनच्या टबासाठी ही मर्यादा सुमारे २४४ वॉट येते. ही चाचणी पाणी सुमारे ३९ अंशांवर आणि भोवतालची हवा सुमारे १५.५ अंशांवर ठेवून करतात, म्हणून दर अंश फरकामागे गळती साधारण १०.४ वॉट होते. हवा १० अंशांवर आली की फरक २९ अंशांचा होऊन गळती ३०० वॉटच्या किंचित वर जाते, आणि चोवीस तासांत सव्वासात युनिटे भरतात. महिन्याला ही सुमारे २१७ युनिटे, म्हणजे ८७ डॉलर. टब जुना असेल आणि त्याचे झाकण भिजलेले असेल तर हाच आकडा दुपटीवर जाणे अवघड नाही.

पूर्वपक्ष : पूर्ण थंड होऊ न देता निदान रात्री तरी बंद ठेवावा. घरात कोणी जागे नसताना तापमान राखण्यात काय अर्थ आहे? शेजारीपाजारी असे सांगणारे भेटतात की थंड झालेले पाणी पुन्हा तापवायला राखण्यापेक्षा जास्त वीज लागते, म्हणून टब कधीच बंद करू नये; हे म्हणणे तरी खरे आहे काय?

उत्तरपक्ष : ते खरे नाही, आणि उत्तरपक्षाला त्याचा आधार घेण्याची गरजही नाही. उष्णता किती वेगाने निसटते हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते; हा न्यूटनचा शीतलनाचा नियम. पाणी जितके थंड, तितकी गळती कमी, म्हणून तापमान उतरू दिल्याने वीज वाचतेच, वाढत कधीच नाही. प्रश्न असतो तो किती वाचते याचा.

या ‘किती’चे उत्तर ज्या राशीत दडलेले आहे तिला कालस्थिरांक म्हणतात. पाण्याची एका अंशामागची उष्णता, म्हणजे १,७४४ वॉट-तास, भागिले एका अंशामागची गळती, म्हणजे १०.४ वॉट, असा भागाकार केला की सुमारे १६८ तास येतात. म्हणजे हीटर बंद केल्यावर पाणी आणि हवा यांच्यातील फरक मूळच्या ३७ टक्क्यांवर यायला पूर्ण सात दिवस लागतात. आठ तासांच्या रात्रीत असे पाणी सव्वा ते दीड अंशच उतरते. त्यामुळे त्या आठ तासांत गळतीत पडणारा फरक युनिटाच्या सहा शतांशांइतका, म्हणजे सुमारे दोन सेंटांचा असतो. रात्री बटण बंद करून सकाळी चालू करणारा गृहस्थ मनापासून काटकसर करत असतो, पण त्याच्या कष्टाचे मोल महिन्याला एक डॉलरही भरत नाही.

येथे पूर्वपक्ष हरला असे मात्र समजू नये. तोच नियम मोठ्या कालावधीला लावला की चित्र पालटते. आठवड्यातून एकदाच वापरला जाणारा टब सात दिवस आपोआप निवू दिला आणि मग पुन्हा तापवला तर ३२ युनिटे लागतात. सतत तापलेला ठेवला असता ५०-५१ लागली असती. पंधरवड्यातून एकदा वापरला तर ४४ विरुद्ध १०१. म्हणजे ‘बंद ठेवावा की नाही’ या प्रश्नाला सर्वांसाठी एक उत्तर असूच शकत नाही: रोज बसणाऱ्याने बटणाला हात लावू नये आणि पंधरवड्याने बसणाऱ्याने अवश्य लावावा. दोन्ही पक्ष आपापल्या घराचा अनुभव सांगत असतात आणि दोघांचे अनुभव खरे असतात.

पूर्वपक्ष : मग आठवड्याच्या मधल्या दिवसांत सर्वच यंत्रणा बंद ठेवण्यास हरकत नसावी.

उत्तरपक्ष : हीटरला हरकत नाही, पंपाला आहे. लेजिओनेला नावाचा जीवाणू, ज्याच्यामुळे गंभीर प्रकारचा न्यूमोनिया होतो, साधारण २५ ते ४५ अंशांच्या कोमट पाण्यात वाढतो, आणि निवत जाणारा टब कित्येक दिवस नेमका त्याच पट्ट्यात रेंगाळतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या सल्ल्यानुसार हॉट टबात मुक्त क्लोरीन दशलक्ष भागांत किमान ३ भाग असावे. पाणी फिरले नाही तर जंतुनाशक सर्वत्र पोहोचत नाही, आणि जेटच्या, म्हणजे पाण्याचा जोरदार झोत सोडणाऱ्या तोंडांच्या, नळ्यांत साचलेले पाणी पुढे फवाऱ्याच्या तुषारांतून थेट श्वासात जाते. विजेचे चार डॉलर वाचवण्यासाठी हा धोका पत्करणे या पक्षाला मुळीच मान्य नाही.

आतापर्यंतचा सर्व हिशेब झाकण लावलेल्या टबाचा होता. झाकण उघडले की प्रकरण वेगळेच होते, आणि बिलाविषयी बोलताना ज्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते ते हेच. द्रवाची वाफ होताना तापमान न बदलता जी उष्णता शोषली जाते तिला अप्रकट उष्मा म्हणतात. ३९ अंशांच्या पाण्यासाठी ती लिटरमागे सुमारे दोन-तृतीयांश युनिट असते. म्हणजे टबातून तीन लिटर पाणी वाफ होऊन गेले तर उरलेल्या पाण्याचे तापमान एका अंशाहून अधिक उतरते. वाफ किती होते हे पाण्याचा बाष्पदाब आणि हवेतील बाष्पदाब यांच्या फरकावर, आणि त्याहीपेक्षा वाऱ्यावर ठरते. १० अंशांच्या स्तब्ध हवेत उघड्या गरम पाण्याच्या प्रत्येक चौरस मीटरमधून बाष्पीभवनाने साधारण अर्धा किलोवॉट उष्णता जाते. हवेच्या संपर्काने आणि रात्रीच्या आकाशाकडे होणाऱ्या प्रारणाने आणखी जवळजवळ तितकीच जाते. साडेतीन चौरस मीटर पृष्ठभागाच्या टबातून अशा रीतीने तासाला तीन युनिटांहून अधिक उष्णता निसटते, म्हणजे एका तासाच्या उघड्या टबाला झाकलेल्या टबाच्या अकरा तासांइतकी वीज लागते. सेकंदाला दोन मीटरची झुळूक सुटली, जी अंगाला जेमतेम जाणवते, तर नुसत्या बाष्पीभवनाचा वाटा पावणेतीन पट होऊन पाच किलोवॉटच्या पलीकडे जातो, आणि ५.५ किलोवॉटचा हीटर सतत चालूनही तापमान घसरत राहते. हवा सोडणारे जेट सुरू केले की पाण्याचा हवेशी संपर्क वाढून बाष्पीभवनात आणखी भर पडते.

पूर्वपक्ष : म्हणजे आपल्याच हिशेबाने खर्चाचा दोष वापरणाऱ्याच्या सवयीवर येतो, यंत्रावर नव्हे.

उत्तरपक्ष : सवयीवर आणि जागेवर. टबाच्या वाऱ्याच्या बाजूला दाट कुंपण किंवा पडदा उभारला आणि बसणाऱ्यांनी उतरायच्या क्षणापर्यंत झाकणाचा निम्मा भाग बंद ठेवला, तर या दोन गोष्टींनी जे वाचते ते कित्येक महागड्या उपकरणांनी वाचणार नाही. शेवटचा माणूस बाहेर पडताच झाकण लावणे ही क्षुल्लक वाटणारी शिस्त आहे. पण उघडा राहिलेला एक तास म्हणजे सव्वा डॉलर, हे घरातल्या मुलांनाही समजते.

झाकणाविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. बहुतेक झाकणे फुगवलेल्या पॉलिस्टायरिनच्या, म्हणजे थर्माकोलच्या, जाड पाट्यांची असून त्यावर व्हिनाइलचे आवरण असते, आणि पावसाचे पाणी ओघळून जावे म्हणून मधोमध ती कडेपेक्षा जाड असतात. नवीन, कोरडे झाकण इतके चांगले उष्मारोधक असते की त्यातून तीसेक अंशांच्या फरकालाही पन्नासेक वॉटच जातात. पण खालून सतत येणारी वाफ वर्षानुवर्षे आतल्या वेष्टनातून थर्माकोलमध्ये शिरत राहते. ज्या हवेच्या बुडबुड्यांमुळे तो उष्णता अडवत होता त्यांची जागा पाणी घेते आणि झाकण उष्मारोधक राहत नाही. याची खूण डोळ्यांपेक्षा हाताला आधी कळते: एका माणसाला सहज उचलता येणारे झाकण दोघांना जड जाऊ लागले की ते बदलण्याची वेळ झालेली असते. मधल्या बिजागरीपाशी आणि कडांशी वाफ दिसत असेल तर तेथे फट आहे, आणि झाकणाचे पट्टे आवळल्याने ती बऱ्याचदा मिटते. पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगती फोमची चादर घातली तर वाफ मुळातच कमी होते, त्यामुळे वरचे झाकणही अधिक काळ कोरडे राहते.

पूर्वपक्ष : झाकणाचे महत्त्व मान्य. पण आता हीट पंप मिळू लागले आहेत, आणि ते घेतल्यावर झाकण, कुंपण, शिस्त या सगळ्याची एवढी काळजी करण्याचे कारण उरत नाही, असे विक्रेते सांगतात. हीट पंप बाहेरच्या हवेतील उष्णता खेचून पाण्यात सोडतो, म्हणून एका युनिट विजेत सौम्य हवामानात तीन-चार युनिट उष्णता मिळते. जुना हीटर मात्र एका युनिटात एकच देतो.

उत्तरपक्ष : हीट पंपाचे गुणवर्णन खरे आहे, निष्कर्ष खरा नाही. सॅन होजेत वर्षभराची गळती सुमारे २,१०० युनिटांची धरली तर हीट पंपाने त्यातली दीड हजार वाचतील, म्हणजे वर्षाला ६०० डॉलर. बसवण्यासह त्याचा खर्च तीन-चार हजार डॉलर धरला तर तो पाच-सात वर्षांत फिटेल, आणि ज्या घरी टब रोज वापरला जातो तेथे तो घ्यावाच. पण भिजलेले झाकण तसेच ठेवून हीट पंप बसवणाऱ्याने गळती तशीच राहू दिली आणि ती भरून काढणारे यंत्र तेवढे मोठे घेतले. झाकण आधी बदलले तर हीट पंपाची बचत घटते, कारण वाचवायला उरतेच कमी. मग लहान यंत्र पुरते, किंवा यंत्राची गरजच उरत नाही. क्रम उलटा केला की दोन्हींचे पैसे पूर्ण मोजावे लागतात.

याच ठिकाणी टबाच्या आतील उष्मारोधनाविषयी एक जुना वाद आहे. काही टबांत कवच आणि बाह्य आवरण यांमधली सर्व पोकळी फोमने भरलेली असते, तर काहींत फक्त बाहेरील भिंतींना आतून उष्मारोधक थर असतो आणि मधल्या हवेला पंपाच्या मोटरची उष्णता मिळते. पहिल्या पद्धतीत गळती कमी, पण नळी फुटली तर फोम खरवडून ती शोधावी लागते. दुसरीत दुरुस्ती सोपी, पण आवरणाची फळी नीट बसली नाही तर थंड वारा आत शिरून सगळा फायदा जातो. कायद्याची मर्यादा दोन्ही प्रकार पाळू शकतात, म्हणून विकत घेणाऱ्याने फोमच्या जाहिरातीपेक्षा प्रतीक्षाशक्तीचा आकडा पाहणे अधिक शहाणपणाचे.

पूर्वपक्ष : आतापर्यंत बटणाला आपण कमी लेखले. परंतु वीज कोणत्या वेळी घेतली याला कॅलिफोर्नियात किंमत आहे. संध्याकाळी चार ते नऊ या वेळात दर सर्वांत चढे असतात, कारण सूर्य मावळतो आणि घरोघरी वापर वाढतो. शिवाय ज्यांनी १५ एप्रिल २०२३ पासून छतावरील सौर पॅनेलसाठी अर्ज केले त्यांना दुपारी ग्रिडला विकलेल्या विजेचा मोबदला पूर्वीच्या मानाने फार कमी मिळतो. तीच वीज घरात वापरणे फायद्याचे झाले आहे. मग टब दुपारी तापवून संध्याकाळी बंद ठेवला तर?

उत्तरपक्ष : तर ते उत्तम, आणि ते शक्य होते ते सात दिवसांच्या कालस्थिरांकामुळेच. दुपारी चारपर्यंत पाणी ४० अंशांवर नेले, जी अमेरिकेत मान्य असलेली सुरक्षित कमाल मर्यादा आहे, आणि मग हीटर बंद केला, तर रात्री नऊ वाजता झाकलेल्या टबातले पाणी ३९ अंशांच्या किंचित वरच असते. पाच तास महागडी वीज न घेता जो अंश गमावला जातो तो बसणाऱ्याला कळणारही नाही. येथे वीज वाचत नाही, पैसे वाचतात; आणि ज्या घरावर पॅनेल आहेत तेथे ग्रिडवरचा संध्याकाळचा भारही तेवढा हलका होतो.

या मुद्द्यावर पूर्वपक्षाचे पारडे निःसंशय जड आहे, आणि त्यातून दिसते ते हे की उत्तम झाकण असलेला टब म्हणजे अंगणात ठेवलेला उष्णतेचा साठा होय. रात्रीच्या बटणाने दोन सेंट वाचवणाऱ्या गृहस्थाने तेच बटण दुपारी वापरले तर त्याला बिलात खरा फरक दिसेल.

पूर्वपक्ष : शेवटची शंका वापराविषयीच आहे. एवढा हिशेब करूनही जो टब महिन्यातून एकदा उघडला जातो तो तापलेला ठेवण्याचे समर्थन होऊ शकते काय?

उत्तरपक्ष : होऊ शकत नाही. १९५६ मध्ये कँडिडो जकुझी यांनी संधिवाताने आजारी असलेल्या मुलासाठी पाण्यात बुडवायचा जो पंप बाजारात आणला त्यातून पुढे या टबांचा उद्योग वाढला. ज्या घरी सांध्यांच्या दुखण्यासाठी रोज गरम पाण्यात बसावे लागते तेथे सततची ऊब गरज आहे. महिन्यातून एकदा बसणाऱ्याला ती नाही, आणि त्याने हीटर बंद ठेवावा. मात्र हा सल्ला सॅन होजेपुरता आहे. सिएरा नेवाडाच्या डोंगरात, टाहो सरोवराकाठच्या सुटीच्या घरांत, तो जशाच्या तसा लागू केला तर पंपात आणि नळ्यांत पाणी गोठून त्या फुटतील.

टाहोच्या हिशेबावर दोन्ही पक्ष एका जागी येतात. हवा उणे ५ अंशांवर असताना ३९ अंशांचा टब दिवसाला ११ युनिटे गिळतो. तोच १५ अंशांवर ठेवला, जेथे जंतूंची वाढ मंदावते आणि नळ्या गोठत नाहीत, तर पाच युनिटांच्या आत भागते. घर महिनाभर रिकामे राहणार असेल तर निवण्याचा काळ आणि परत आल्यावर तापवण्याची सुमारे ४२ युनिटे धरूनही खर्च साधारण निम्मा होतो, फक्त हीटरला आठ तास आधी सुरू करण्याची सोय दुरून करता आली पाहिजे. टब पूर्ण रिकामा केला तर खर्च त्याहूनही कमी, कारण ५ अंशांच्या पाण्याने तो पुन्हा भरून तापवायला ६० युनिटेही लागत नाहीत. पण नळ्यांच्या वळणांत अडकलेले पाणी हवेच्या दाबाने पूर्णपणे काढून टाकावे लागते, आणि ते काम जाणकाराकडून करून घेता येत असेल तरच पूर्वपक्षाने आपला आग्रह तेथपर्यंत न्यावा, असे उत्तरपक्षाचे म्हणणे आहे.